वहीचं शेवटचं पान

मोशी,
रविवार, सकाळचे दहा

प्रिय जर्मनवाल्या बाईसाहेब,

"भिशी अजून चालू आहे का?" एवढंच विचारून तू मोकळी झालीस. चालू आहे बाई. आपल्याच बसमध्ये, वीस जणांची, पाच हजारांचा हप्ता, पगारानंतरच्या पहिल्या सोमवारी चिठ्ठी. निगडीहून निघायचं, स्पाइन रोडनं मोशी, मग नाशिक हायवे, कुरुळी, आळंदी फाटा, आणि तळेगाव चौकात बस जी थांबते ती थांबतेच. तुझी खिडकीची सीट आता माझ्याकडे आहे. परत मिळणार नाही.

पण गेल्या दोन-तीन महिन्यांत आपली भिशी मोडता मोडता राहिली. पैशापायी नव्हे, तोंडापायी. सगळं सांगते, चहा घेऊन बस.

तू होतीस तेव्हा मोबाइलवरच्या आपल्या ग्रुपवर काय यायचं? "हप्ता दिला", "मिळाला" आणि कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाचा केक. मग पेंट शॉपमधला एक नवा मुलगा भिशीत आला. हुशार आहे, वाईट नाही. पण रोज नऊच्या ठोक्याला, बाजार उघडायच्या आत, त्याची टीप हजर: आज हे घ्या, इतक्याला विका. पहिल्या आठवड्यात दोघांना दीड-दीड हजार सुटले आणि बसमध्ये पेढे वाटले गेले. पुढच्या महिन्यात ज्याला भिशी लागली, त्यानं लाखातले साठ हजार ऑप्शनमध्ये घातले. पुढचं तूच ओळख. सेबीनं २०२४च्या सप्टेंबरात हिशेब जाहीर केला होता: तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या साध्या माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तो आकडा मी वाचला होता, बसमध्ये बोललेही होते. पेढे खाताना कोण ऐकतं?

तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी "दोन माणसं जोडा, तुमचे पैसे दुप्पट" असलं काहीतरी पाठवलं. असल्या साखळ्यांवर बंदी घालणारा कायदा १९७८चा आहे, म्हणजे माझ्या लग्नापेक्षाही जुना. पण "भिशीसारखंच आहे" म्हटलं की आपल्या लोकांना खरं वाटतं. माझं डोकं फिरलं ते यानं. भिशीसारखं कसं? भिशीत वीस माणसं ठरलेली, वीस महिने ठरलेले, नवं माणूस आलं नाही तरी शेवटच्याला त्याचे लाख मिळतात. साखळीत नवं माणूस थांबलं की शेवटचा बुडाला.

तर, नियम करायचे ठरलं. कुठे? तळेगाव चौकात. बस पन्नास मिनिटं हलली नाही त्या दिवशी. हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान उघडलं आणि वर लिहिलं, "काय बोलायचं, काय नाही."

टीप आणि साखळी बंद, हे दोन मिनिटांत झालं. पेंट शॉपवाल्यानं थोडी कुरकुर केली, तर आपल्या केरळच्या फोरमननं त्याला एकच विचारलं, "सेबीचा नोंदणी नंबर आहे?" मग हाच फोरमन सुरू झाला. त्याच्याकडे म्हणे सरकारच चिट्टी, म्हणजे चिट फंड, चालवतं, १९६९पासून, त्रिशूरला मुख्य ऑफिस. जामीन दिल्याशिवाय उचललेले पैसे हातात पडत नाहीत. इथे नोंदणी केलेल्या चिट फंडातही चालकाचं कमिशन कायद्यानं ठरलेलं असतं, २०१९च्या दुरुस्तीत ते ५चं ७ टक्के झालं. आपल्या भिशीच्या चालकाला काय मिळतं? दुसऱ्या महिन्याची उचल, चिठ्ठीशिवाय. आणि वीस जणांची बोलणी.

गंमत झाली ती विम्यावरून. आपले स्टोअरचे काका आठवतात ना, दर गप्पेचा शेवट पॉलिसीवर करणारे? बायकोच्या नावावर एजन्सी आहे, हे सगळ्यांना माहीत, पण कुणी बोलायचं नाही. नियम लिहिला: ज्याला ज्यात कमिशन मिळतं, त्यानं ते आधी सांगायचं, मग वस्तूचं कौतुक करायचं. काका पहिल्यांदा लाल झाले. मग दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभे राहून म्हणाले, "यात माझ्या घरी कमिशन येतं, आता ऐका." तुला खोटं वाटेल, त्या आठवड्यात त्यांना दोन पॉलिस्या मिळाल्या!

खरं भांडण पेटलं बँकेवरून. एकाचं म्हणणं, कुठल्याही बँकेबद्दल, पतसंस्थेबद्दल वाईट बातमी टाकायचीच नाही, अफवेनं रांगा लागतात. दुसऱ्यानं लगेच पिंपरीच्या सेवा विकास बँकेचं नाव काढलं. रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना २०२२च्या ऑक्टोबरात रद्द केला तेव्हा तू इथेच होतीस. बँकेत निदान पाच लाखांपर्यंत ठेवींचा विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही, आणि आपल्या बसमधल्या निम्म्यांचे आईवडील पैसे ठेवतात पतसंस्थेत, कारण व्याज अर्ध्या टक्क्यानं जास्त आणि मॅनेजर ओळखीचा. अशा लोकांना "गप्प बसा" कसं सांगायचं?

शेवटी ठरलं, बातमी टाकायची तर कागद टाका. रिझर्व्ह बँकेचं पत्रक, पेपरचं कात्रण, काहीही. "आतल्या माणसानं सांगितलं" चालणार नाही. यावर मी अडले. शटर पडल्यावरच पेपरात येतं ना! आतला माणूस कधीकधी खरंच बोलतो. माझं म्हणणं असं की, असलं काही कानावर आलं तर ते बसमध्ये, तोंडावर, आपल्या नावानिशी सांगावं. समोरच्याला विचारता येतं, "तुला कोण म्हणालं?" पुढे ढकललेल्या मेसेजला काय विचारणार? अर्ध्यांना पटलं. म्हणून पानावर ते पेन्सिलीनं लिहिलंय.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं लांबण लावलं, ती. आपला कंत्राटी वेल्डर, मागच्या सीटवर डबा उघडून सगळ्यांना चटणी देणारा. त्याचं कंत्राट मध्येच तुटलं. हप्ता राहिला. चालकानं रात्री अकराला ग्रुपवर यादी टाकली, "थकलेले", आणि खाली एकच नाव. कुणी अंगठा उठवला, कुणी हसरं तोंड पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो थांब्यावर नव्हता. नवं काम त्याच बाजूला, म्हाळुंग्याला लागलं होतं, आपल्या कंत्राटदाराची बस त्याला चालली असती, पण तो महिनाभर मोटारसायकलवर गेला, पावसात. आपण उचल घेणाऱ्याला कधी विचारत नाही, कशाला हवेत म्हणून. लग्न असो, दवाखाना असो, नवरा-बायकोचं भांडण असो. मग न भरणाऱ्याची मात्र जाहिरात?

चालक म्हणाला, "वही तर सगळ्यांना उघडी असते, त्यातही नाव दिसतंच." खरं आहे. पण वही बघायला माणसाला उठून यावं लागतं, आणि वहीत हसरं तोंड काढता येत नाही. हे मी म्हटलं आणि बस अचानक गप्प झाली. चालकानंच पेन मागून घेतलं आणि लिहिलं, "थकबाकीचं बोलणं शेजारी बसून." मग संध्याकाळी वेल्डरच्या घरी गेला, भोसरीला. काय बोलले माहीत नाही. सोमवारी वेल्डर बसमध्ये होता, दोन हजार देऊन. उरलेले तीन पुढच्या पगारावर. चटणी मात्र अजून काढलेली नाही त्यानं.

तुझा हप्ता काकूंनी निगडीच्या थांब्यावर आणून दिला, पोचला. आठवा महिना चाललाय आणि तुझं नाव अजून डब्यातच आहे. माझ्यावर संशय घेऊ नकोस, चिठ्ठी अजूनही ड्रायव्हरकाकाच काढतात. भिशीत नसलेला बसमधला तो एकच माणूस. उद्या सोमवार आहे. लागली तर पैसे काकूंकडे देऊ की तू येईपर्यंत थांबू, ते रात्रीच कळव. ग्रुपवर नको, मला.

तुझी,
खिडकीवाली