सर्जाचा पाय

प्रिय सायली,

तुझा जनावरांचा दवाखाना सुरू झाल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं आणि मला एकदम सर्जा आठवला. तू त्याला पाहिलेलं नाहीस. आपला खिलार बैल. आबांनी त्याला खरसुंडीच्या यात्रेत नेलं होतं. दिवसभर परक्या बैलांच्या गर्दीत, धक्के खात उभा होता. पण लंगडला नाही, वैरणही टाकली नाही. रात्री गोठ्यात जोडीच्या राजाशेजारी बांधला आणि त्याने उजवा पाय उचलला तो टेकवेचना. खुराच्या बेचक्यात खिळा होता. आबा म्हणाले, "आत्ताच लागलाय." पण भोवतीचं रक्त वाळून काळं पडलं होतं. सकाळपासूनचा खिळा होता तो.

मी अमेरिकेत राहतो त्या मेडफर्डमध्येच टफ्ट्स विद्यापीठ आहे. तिथल्या क्लाउस मिचेक आणि सहकाऱ्यांनी 1982 साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग छापला. तो वाचताना मला सर्जा दिसत होता. एका उंदराच्या पिंजऱ्यात परका उंदीर सोडायचा. घरचा त्याला चावून चावून नमवतो. शेवटी परका मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे पंजे लुळे सोडतो, डोकं वर करून कान मागे घेतो. हरलेल्या अशा उंदराच्या शेपटीला उष्णता लावली, तर तो शेपूट उशिरा हलवतो. अफूच्या औषधांचा परिणाम उतरवणारं नालोक्झोन दिलं की मात्र पुन्हा चटकन. म्हणजे तो नुसता सोसत नव्हता गं. त्याच्या मेंदूने स्वतःचीच अफू पाझरवून वेदना अडवली होती. आणि हे नुसत्या चाव्यांमुळे नव्हे, हरण्यामुळे होत होतं, असं त्यांनी लिहिलं. त्या उंदराचं मला वाईट वाटतं, आजही.

भीती लांबली की पारडं उलटंही फिरतं. रोजच्या छळाने वेदना बोथट होण्याऐवजी तीव्र होते.

पोर्टलँडच्या मोनिक स्मिथ आणि आंद्रेई रायाबिनिन यांचं 2016 मधलं काम तर मला जास्तच हलवून गेलं. दुखणाऱ्या उंदरांच्या खोलीत ठेवलेल्या धडधाकट उंदरांनाही बारीक तंतूचा स्पर्श बोचू लागला. त्यांना स्वतःला ते दुखणं दिलेलं नव्हतं. दुखणाऱ्यांच्या खालचा भुसा नुसता जवळ ठेवला, तरी तेच. वासातून पोचत होतं सगळं.

गाईम्हशींचंही हुबेहूब असंच होतं, असं मी म्हणत नाही. पण तुझ्याकडे टेम्पोतून उतरवलेली गाय अनोळखी माणसं, कुत्री, वास यांच्यात मुकाट उभी राहिली, तर "हिला काही होत नाहीये" असं लगेच लिहू नकोस. थोडा वेळ सावलीत बांध. जमलं तर गोठ्यातच जाऊन बघ. जोडीचं जनावर सोबत आणायला सांग. आणि एक उठलं की दुसरं बांधण्याआधी खालचं काड बदलून घे.

सर्जाचा खिळा आबांनी कंदिलाच्या उजेडात काढला. राजा तेवढा वेळ त्याची मान चाटत होता.

तुझा,
काका