पोह्यांवरचं तेल

अकोल्यात घराबाहेरचा सकाळचा नाश्ता म्हटलं की हॉटेलातले पोहे. माझ्या लहानपणीही तेच होते, आजही तेच आहेत. फरक पडलाय तो वासात. तेव्हाच्या फोडणीचा वास रस्त्यावरून माणसाला आत ओढायचा. आता कढईजवळ उभं राहिलं तरी तो येत नाही. आचाऱ्याचा हात बिघडलेला नाही. बदललंय ते शहराबाहेरचं शेत.

ऐंशीच्या दशकात कापूस बाजाराजवळचं आमचं नेहमीचं हॉटेल पहाटेच जागं व्हायचं. 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू होती आणि हंगामात बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या, रांगा रात्रभर लागलेल्या असायच्या. बंडीखाली गोणपाट टाकून झोपलेले शेतकरी तोंडावर पाणी मारून थेट भट्टीपुढे येत. सावतराम मिलचे कामगार पाळी संपवून येत. जिनिंगमधली माणसं यायची ती डोक्यावर, मिशांवर कापसाचे धागे घेऊनच. बाबांबरोबर मी लाकडी बाकावर बसायचो. पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कांदा आणि सांबार म्हणजे कोथिंबीर, बाजूला मीठ लावलेली तळलेली मिरची. बाबा हॉटेलवाल्या काकांना म्हणायचे, "काका, पोराले तर्री कमी टाका जरा." काका हसून म्हणायचे, "खाऊ द्या न भाऊ, वऱ्हाडातलंच पोरगं हाय."

खरं पाहिलं तर पोहे मुळात वऱ्हाडाचे नव्हेत. हा ज्वारीचा मुलूख. घरोघरी न्याहारीला भाकर असायची, कण्या असायच्या, रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा कुस्करा असायचा. 1867 साली मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग पुरा झाला आणि पुढे रूळ पूर्वेकडे वाढले तसं धानाच्या मुलखाशी अकोला जोडलं गेलं. भंडाऱ्याचा तांदूळ, छत्तीसगडातल्या भाटापाऱ्याचे पोहे पोत्यांनी इथं उतरू लागले. पोहे बाहेरचे, पण त्यावर पडायचं ते सगळं इथलं : हरभरा इथला, मिरची इथली, शेंगदाणे इथले आणि फोडणीचं तेल त्याच शेंगदाण्यांचं. म्हणून तर हा नाश्ता आमचा झाला. घरी माझ्या काकू गावाकडून घाण्यावरचं करडीचं तेल आणायच्या. जवसाच्या चटणीवर ते कच्चंच ओतलं जायचं. वऱ्हाडाची चव मसाल्यात जितकी, तितकीच तेलात होती.

आज त्याच रस्त्यावर नवी हॉटेलं आहेत. गॅसच्या शेगड्या, स्टीलची टेबलं, पैसे द्यायला क्यूआर कोड. वर्तमानपत्राच्या कागदावर पोहे द्यायला 2019 पासून नियमानेच मनाई आहे आणि ते चांगलंच झालं. शाई पोटात जायची, हे तेव्हा कुणाच्या ध्यानातच नव्हतं. बायका-मुली निर्धास्त बसून नाश्ता करतात, हे तर मला फार मोलाचं वाटतं. तेव्हाच्या बाकांवर मला एकही बाई बसलेली आठवत नाही. पण मिलचा भोंगा गेला, एकाधिकार खरेदी गेली, बंड्या गेल्या. आणि कढईशेजारी उभा असतो तो सोयाबीन तेलाचा किंवा पामोलीनचा डबा.

तेलातला हा बदल आला शेतातून. 1994 साली जबलपूरच्या विद्यापीठाचं जेएस-335 हे सोयाबीन वाण आलं आणि पुढे वऱ्हाडभर पसरलं. साधारण शंभर दिवसांत पीक हाती, दिवाळीआधी पैसा, मागून हरभऱ्याला रान मोकळं. शेतकऱ्याचा हिशेब चुकला नव्हता. भुईमुगाला मजुरी फार, त्यात शेंगा भरल्या की रानडुकरं रातोरात वावर उकरून टाकतात. ज्वारी पाखरांनी खाल्ली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यापाठोपाठ बैल गेले. करडी आणि जवस बांधाकडेला उरले, मग तिथूनही उठले.

याउलट मलेशियाकडे बघा. तिथं सकाळी नारळाच्या दुधात शिजवलेला भात खातात. त्याला नासी लमाक म्हणतात. सोबत तिखट सांबल, तळलेले शेंगदाणे, सुकी मासळी, काकडी, उकडलेलं अंडं. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोने मलेशियाच्या नाश्ता-संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हा भातही आहे. त्यांनी आपल्या किनाऱ्यावरचा नारळ भातातून जाऊ दिला नाही. आपण मात्र निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो आणि त्यातलं पामतेल येतं ते इंडोनेशियातून आणि त्याच मलेशियातून. ज्या अकोल्याभोवती भुईमूग पिकायचा, त्या अकोल्यात कचोरी आज समुद्रापलीकडच्या तेलात तळली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे अकोल्यात व्हावं, हे जास्त लागतं. 1969 पासून कृषी विद्यापीठ याच शहरात आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याच्याबरोबर काढलेलं भुईमुगाचं टीएजी-24 हे वाण 1991 साली आलं. त्याच्या नावातला 'ए' अकोल्याचा आहे. देशातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी ते पेरलं. बियाण्याला नाव दिलेल्या गावाने आपल्या ताटलीतून ते तेल हरवू द्यायला नको होतं.

गेलेल्या बंड्या परत येणार नाहीत, यायलाही नकोत. त्या रांगांमध्ये शेतकऱ्यांनी थंडीत काढलेल्या रात्री मी विसरलेलो नाही. तेल मात्र परत येऊ शकतं. शहरात लाकडी घाणे पुन्हा फिरू लागले आहेत. त्यांचं तेल महाग पडतं, म्हणून हॉटेलवाला ते घेत नाही. तो भार त्याने एकट्याने का उचलावा? शेंगदाणा तेलाच्या फोडणीची ताटली दहा-पंधरा रुपयांनी महाग असेल, तर ते पैसे आपण खाणाऱ्यांनी द्यायला हवेत. हॉटेलवाला तेल मागेल, घाणेवाला शेंगा मागेल, तेव्हाच डुकरांपासून वावर राखायची मेहनत कुणाला परवडेल. शेतकऱ्याने सोयाबीन निवडलं ते बाजार बघून. भुईमूगही तो बाजार बघूनच निवडेल, आणि तो बाजार रोज सकाळी आपल्याच टेबलावर भरतो.