बेटावरचा संसार

आपल्या व्यापारी कुटुंबांत प्रवासाचे दोनच प्रकार रूढ आहेत. एक संघासोबत केलेली तीर्थयात्रा आणि दुसरा म्हणजे नातवंडांच्या सुट्टीत सहा दिवसांत आटोपलेली सहल. पती-पत्नींनी दोघांनीच दूर जाऊन महिनाभर एखाद्या ठिकाणी साधेपणाने राहावे, ही कल्पना आपल्याकडे काहीशी परकीच. पेढी कोण पाहणार, हा पहिला प्रश्न, आणि लोक काय म्हणतील, हा दुसरा. माझे माहेर साताऱ्याचे, सासर सांगलीच्या गणपती पेठेतील तेलाच्या व्यापाऱ्यांचे. पस्तीस वर्षांच्या संसारात आम्ही उभयतांनी सलग आठ दिवसही एकमेकांच्या सोबतीत काढले नव्हते. म्हणून चातुर्मास संपला, वहीपूजन झाले, मुलाच्या हाती किल्ल्या दिल्या आणि मार्गशीर्षात आम्ही अंदमानास निघालो. मुक्काम ठरला छत्तीस दिवसांचा.

इतक्या दिवसांचा खर्च कसा परवडतो, असे अनेकांनी विचारले. उत्तर व्यापाऱ्याला सहज उमगेल असे आहे. या प्रवासात सर्वांत मोठी रक्कम जाते ती जाण्यायेण्यात. तेच भाडे सहा दिवसांवर वाटले तर रोजचा भार जड होतो, छत्तीस दिवसांवर वाटले तर तो एकषष्ठांश उरतो. त्यात हॉटेलऐवजी चूल असलेली खोली महिन्याच्या बोलीने घेतली आणि बेटांमध्ये खाजगी जलद नौकांऐवजी सरकारी बोटीने प्रवास केला, की खर्च आटोक्यात राहतो. मिरजेहून रेल्वेने बंगळूरमार्गे चेन्नई गाठली आणि पुढचा प्रवास विमानाने केला. चेन्नईहून जहाजही जाते, परंतु समुद्रावरचे अडीच-तीन दिवस या वयात नकोत, असे आम्ही ठरवले.

सामानात कपडे थोडे आणि शिधा अधिक होता. मुगाची डाळ, ज्वारीचे पीठ, खाकरे, मेतकूट आणि आपल्या सांगलीची हळद. खरी अडचण मात्र अन्नाची नव्हती, वेळेची होती. अंदमान सांगलीच्या पूर्वेस सुमारे अठरा रेखांशांवर आहे, आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. त्यामुळे डिसेंबरात तेथे सूर्य सायंकाळी पाचच्या सुमारास मावळतो, सांगलीपेक्षा सुमारे तासभर आधी. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याने तेथे साडेचारला पाने मांडावीत. पहिले दोन दिवस आमची धांदल उडाली. नंतर मात्र पहाटे साडेपाचच्या उजेडाबरोबर उठणे आणि रात्री आठला निजणे अंगवळणी पडले. पेढीच्या घरात रात्री दहाला ताट वाढण्याची सवय असलेल्या मला त्या लांब, मोकळ्या संध्याकाळी फार मोलाच्या वाटल्या.

आमचा बहुतेक मुक्काम नील बेटावर होता. २०१८ पासून त्याचे अधिकृत नाव शहीद द्वीप आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना येथे वसवण्यात आले आणि त्यांनी या भूमीवर भाजीपाला पिकवला. किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. सकाळी बाजारात दोडका, भोपळा, कच्ची केळी, नारळ सहज मिळत, त्यामुळे कंदमुळांवाचून आमचे काहीच अडले नाही. बेट एवढे लहान, की सायकलवरून एका दिवसात पाहून होते. तेच किनारे आम्ही रोज पाहिले, आणि रोज वेगळे पाहिले. ओहोटीला लक्ष्मणपूरजवळ प्रवाळाचे खडक उघडे पडतात. त्यांच्या खळग्यांत समुद्रकाकडी, खेकडे, रंगीत मासे दिसतात. पाऊल कोठे ठेवावे, याचे भान तेथे क्षणोक्षणी ठेवावे लागते. शिंपले आणि प्रवाळ उचलून नेण्यास कायद्याने मनाई आहे. रिकाम्या वाटणाऱ्या शंखातही बहुधा एखादा खेकडा घर करून असतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कायद्याची आठवण द्यावी लागत नाही.

एक ठिकाण आम्ही मुद्दाम टाळले. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा महामार्ग जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. वाहने पोलीस बंदोबस्तात, ताफ्याने सोडली जातात. थांबण्यास व छायाचित्रे घेण्यास बंदी आहे. तरीही माणसे दिसतात का, म्हणून खिडकीला डोळे लावून बसणारे प्रवासी असतातच. ज्यांनी आपल्याला बोलावलेले नाही, त्यांच्या अंगणातून केवळ मौजेसाठी जाऊ नये, असे आम्हा दोघांनाही वाटले.

पोर्ट ब्लेअरचे, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमचे, सेल्युलर जेल मात्र आम्ही दोनदा पाहिले. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगात ६९३ कोठड्या होत्या. सातपैकी तीनच इमारती आज उभ्या आहेत. सावरकर बंधू येथेच होते. तेथे तेलाचा कोलू ठेवलेला आहे. बैलाने ओढायचा घाणा बंदिवान ओढत, आणि दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंहून अधिक खोबरेल काढण्याची सक्ती असे. घाण्याच्या तेलावर ज्यांचे आयुष्य गेले ते हे, कोलूपुढे बराच वेळ निःशब्द उभे होते. नंतर एवढेच म्हणाले, “एका माणसाने एवढे तेल? हे काम नव्हे, ही शिक्षाच.” त्या सायंकाळी त्यांनी प्रथमच आपल्या आजोबांच्या घाण्याविषयी, त्या काळच्या ओढगस्तीविषयी मला सांगितले. इतक्या वर्षांत ते ऐकायला आम्हा दोघांना सवड झाली नव्हती.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन दिवस हाताशी ठेवावेत. रोख रक्कम जवळ असावी. लहान बेटांवर उपचारांची सोय मर्यादित असल्याने औषधे पूर्ण मुदतीची न्यावीत आणि निघण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

परतलो तेव्हा पेढी व्यवस्थित चालू होती. मुलाने उधारीच्या दोन जुन्या खात्यांचा निकालही लावला होता. यांना त्याचा आनंद झाला आणि किंचित खंतही वाटली असावी. आता किल्ल्या मुलाकडेच आहेत. हे सकाळी तासभर पेढीवर जातात आणि घरी दिवेलागणीपूर्वी आम्ही दोघे एकत्र जेवतो.