फिजिक्सच्या वाटेत बायोलॉजी

बारावीला माझ्याकडे गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि इलेक्ट्रॉनिक्स होतं. सैद्धांतिक भौतिकशास्त्र करायचंय असं घरी सांगितलं, तर बाबांचा पहिला प्रश्न, "मग डिग्री कोणती?" सास्तीच्या खाणीतल्या त्यांच्या सोबत्यांची पोरं आयटीआय नाहीतर इंजिनिअरिंगला. मोठेबाबा म्हणाले, "आधी इंजिनिअरिंग करून घे, मंग पाह्यजो फिजिक्स."

आमच्या राजुऱ्यात सगळ्यांना नीट आणि सीईटी ठाऊक. मला जायचं होतं त्या आयसर या विज्ञानसंस्थेला सीईटी चालत नाही, त्यांची प्रवेशपरीक्षा वेगळी, हे मला बारावीच्या शेवटी कळलं. फॉर्म भरला, मग पेपरचं स्वरूप पाहिलं. 60 प्रश्न, त्यातले 15 जीवशास्त्राचे. तो विषय दहावीनंतर सुटलेला. शेजारची ताई नीट रिपीट करत होती. ती झोपली की तिचं एनसीईआरटीचं पुस्तक माझ्याकडे यायचं. अख्खी पानं पिवळ्या हायलायटरने रंगवलेली, महत्त्वाचं काय तेच कळेना. आनुवंशिकता जमली, त्यात हिशोब होता. वनस्पतींची कुळं काही जमली नाहीत. प्रवेश मिळाला नाही. काही दिवस मी मैत्रिणींचे फोन उचलले नाहीत.

परीक्षा पुढच्या वर्षीही देता येते, पण वर्षभर घरी बसायची हिंमत नव्हती. जयंत नारळीकरांनी बनारसला बी.एस्सी. केलं, मग केंब्रिजला गणित शिकले, हे बाबांना सांगितलं. त्यांचं निम्मं समाधान झालं. गोंडवाना विद्यापीठाच्या एका कॉलेजात फिजिक्स-गणित-इलेक्ट्रॉनिक्सला नाव घातलं. ओळखीचे म्हणत, गणिताऐवजी केमिस्ट्री ठेव, गडचांदूरला सिमेंटच्या लॅबमध्ये लागशील. खोटं नव्हतं ते. पण थिअरीला गणित सोडून चालत नाही.

एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम ही प्रवेशपरीक्षा असते. तिच्यात फिजिक्सच्या पेपरला बायोलॉजी नाही! विषय बी.एस्सी.चेच, मात्र विचारायची तऱ्हा निराळी. कॉलेजात सिद्धता लिहिली की गुण मिळतात. इथे काही प्रश्नांना पर्यायच नसतात, थेट आकडा भरायचा. मी जुने पेपर सोडवले, अडलं तिथे एनपीटीईएलची ऑनलाइन व्याख्यानं पाहिली. ग्रिफिथ्सचं विद्युतचुंबकत्वाचं पुस्तक फार कामी आलं.

आता एम.एस्सी.ला आहे. गणितीय पद्धतींच्या पेपरला वर्गातले माझी वही मागतात, बरं वाटतं. इलेक्ट्रॉनिक्सचं सर्किट मात्र अजून पहिल्या झटक्यात चालत नाही, आणि थिअरी करायची म्हणून प्रॅक्टिकल कोणी माफ करत नाही.