चंद्री

जुन्नरात बर्फ पडत नाही. परंतु सह्याद्रीच्या पाठीशी, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेल्या या गावात मार्गशीर्ष सरता सरता थंडी असा अंमल बसवते की, पहाटे कुकडीच्या पात्रावर साचलेल्या धुक्यातून शिवनेरीचा माथा तेवढा दिसावा, आणि एखाद्या वर्षी परड्यातील कडब्यावरचे दहिवर गोठून त्याची पांढरी साय बोटाने खरवडून निघावी. अशा दिवसांत आमच्या घराचा दिनक्रम पंचांगावरून ठरत नसे की वडिलांच्या कचेरीच्या वेळेवरूनही ठरत नसे. तो ठरे चंद्रीवरून. चंद्री ही आमची म्हैस.

बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी ख्यातनाम. तेथूनच वडिलांनी तिला आणली. आम्ही वडिलांना नाना म्हणत असू. ते मामलेदार कचेरीत कारकून होते, आणि कागदावर लेखी उतरल्याखेरीज कोणत्याही व्यवहारावर विश्वास न ठेवण्याची त्यांची वृत्ती. तरीही दलालाने हातावर रुमाल टाकून, त्याखाली बोटे दाबून केलेला तो सौदा त्यांनी निमूटपणे मान्य केला, याचे कारण म्हशीचे खांद्यापर्यंत गेलेले शिंग आणि कपाळावरचा पांढरा चांद पाहूनच त्यांचे मन भरले होते.

म्हशीला उन्हाळ्यात डुंबायला पाणी लागते, हे शहरातल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु तिच्या अंगावरचे केस विरळ असल्यामुळे कडाक्याची थंडीही तिला सोसत नाही, हे ज्याच्या दावणीला म्हैस आहे त्यालाच कळते. आमची आजी पहाटे कंदील घेऊन प्रथम गोठ्यात जाई आणि देवाचे नावही तेथेच घेई. चंद्रीच्या कानाच्या मुळाशी ती तळहात ठेवी. कान गार लागला की झूल सरकली आहे किंवा रात्री वारा आत आला आहे, असे ती ताडी. मग कंदील वर धरून ती नाकाड पाही. निरोगी जनावराच्या काळ्या नाकाडावर पाण्याचे बारीक मणी सदैव उभे असतात. ते पुसले तरी पुन्हा फुटतात. ते मणी दिसले म्हणजे आजीच्या मुद्रेवर जे समाधान उमटे, ते घरातील कोणाही माणसाची प्रकृती विचारताना मी कधी पाहिले नाही.

त्यानंतर तांब्याचा बंब पेटे. पहिले पाणी चंद्रीच्या घमेल्यातील गार पाण्यात मिसळावयाचे, दुसरे नानांच्या स्नानाचे, आणि उरेल ते आम्हां मुलांचे, असा शिरस्ता मुक्रर झालेला होता व त्याविरुद्ध तक्रार चालत नसे. थंडीने तिच्या सडांना भेगा पडत, म्हणून आई धार काढण्यापूर्वी व काढल्यानंतर सडांना लोणी चोळी. चरवीतून वर येणारी वाफ आईच्या कपाळापर्यंत पोहोचे. झूल गोणपाटाची, पण तिला आतून आजीच्या जुन्या लुगड्याचे अस्तर होते. सायंकाळी पडवीच्या कोपऱ्यात शेण्यांची आगटी धुमसत असे, आणि आम्ही मुले पाढे पाठ करावयास गोठ्यातच बसत असू. कारण साऱ्या घरात ऊबदार जागा तेवढीच. मांजरी तर चंद्रीच्या पाठीवरच निजे, आणि तिची झोप मोडू नये म्हणूनच की काय, चंद्री बराच वेळ कूस बदलत नसे.

म्हैस दहा महिने दहा दिवसांनी विते, हा हिशेब नानांनी आपल्या रोजनाम्यात टिपून ठेविला होता, आणि तो बरोबर पौषातल्या एका मध्यरात्री फळास आला. पारडी जन्मली ती ओलीचिंब आणि थरथरती. कडब्याच्या पाचोळ्याने तिला पुसले, चंद्रीने चाटचाटून काढले, तरी तिची थरथर थांबेना. तेव्हा नानांनी खांद्यावरची घोंगडी काढून पारडीवर टाकली. ही घोंगडी त्यांची दौऱ्यावरची; तिला हात लावण्याची आम्हांस सक्त मनाई होती. ते स्वतः सदऱ्यावर, हात काखेत घालून, वार पडेपर्यंत तेथेच उभे राहिले. ती घोंगडी पुढे पारडीचीच झाली. खरवस शेजारच्या सात घरी गेला.

त्याच रोजनाम्यात दुधाची रोजची नोंद असे. कडक थंडीत दूध घटते हे त्यावरून नानांच्या ध्यानी आले, आणि आजीच्या सल्ल्याने त्यांनी रात्रीची वैरण वाढविली. आजीचे म्हणणे असे की, रवंथ करणारे जनावर पोटातून तापते. आणि ते शास्त्रालाही धरून आहे, कारण कोठीपोटात कडबा आंबताना उष्णता निर्माण होते आणि तीच जनावराला रात्रभर पुरते. गाईला वसुबारस आहे, बैलाला पोळा आहे. म्हशीच्या वाट्याला मात्र असा मानाचा दिवस फारसा येत नाही, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते. आमच्या घरातील मुले ज्या दुधावर वाढली, ज्या दुधाच्या पैशावर शाळेची फी भरली गेली, ते चंद्रीचे होते.

ती भाकड झाल्यावर गिऱ्हाईके आली. नानांनी त्यांना ओट्यावरूनच परत पाठविले. म्हातारपणी ती दावणीलाच गेली, आणि शेताच्या बांधाशी तिला मूठमाती दिली.

माणिकडोह आणि येडगावची धरणे झाल्यापासून तालुक्याचे रूप पालटले. उसाचे फड आले, फडांत बिबटे आले, आणि हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की ते वस्तीकडे सरकतात. म्हणून जुन्नर-आंबेगावच्या ज्या घरी आज म्हैस असेल, त्यांना माझे इतकेच सांगणे: गोठ्याला भक्कम दार करा, झूल घाला, पाणी कोमट करून पाजा, आणि निजण्यापूर्वी कडब्याची एक पेंढी अधिक टाका.