उजव्या हाताला मैया

मोलगी, डिसेंबर

प्रिय आत्या,

नर्मदे हर.

तुझी १९८९ सालच्या नर्मदा परिक्रमेची वही झोळीत घालून निघाले. ओंकारेश्वरला बाटलीत मैयाचं जल भरून घेतलं, संकल्प सोडला आणि दक्षिण तटानं चालू लागले. बडवानीपर्यंत वही आणि वाट बरीचशी जुळली. राजघाटला चुकामूक झाली. तू ज्या पायऱ्यांवर लुगडं वाळत घातलं होतंस, त्या सापडल्याच नाहीत. सरदार सरोवर धरणाचं पाणी २१४ किलोमीटर मागे फुगतं, आत्या. भादल, डोमखेडी, चिमलखेडी, मणिबेली... तुझ्या वहीतली काठच्या गावांची नावं वाचत मी वरच्या डोंगरांतून, धडगावकडून आले. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं देऊळही बुडालं. देवाला आता खाली गोरा गावात नवं देऊळ बांधलंय.

परवा एका पाड्यावर मुक्काम पडला. पोरं लांबूनच ‘नर्मदे हर’ ओरडत आली, एकीनं माझी काठी धरून ओट्यापर्यंत नेलं. घरच्या आजीनं सदाव्रत म्हणून मक्याचं पीठ, मीठ, मिरची पुढ्यात ठेवली. मग माझ्या पायांकडे बघितलं, पीठ परत उचललं आणि स्वतःच भाकरी थापायला बसली. पैसे पुढे केले तर तिच्या मुलानं हात मागे घेतला. आजी पावरीत बोलायची आणि जीवनशाळेत शिकलेली नात मला मराठीत सांगायची.

सकाळी तो मुलगा मला कड्यापर्यंत घेऊन गेला. खाली निळं, निश्चल पाणी, मधूनच वठलेल्या झाडांचे शेंडे. तो बोट दाखवू लागला. ते शेत. तो आमचा महू, मोहाचं झाड. त्याच्या खालच्या अंगाला गाता, म्हणजे पुरख्यांच्या आठवणीचे दगड. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर आलेल्या गाळावर तो गाळपेर करतो. पाणी कधी सोडतील, कधी अडवतील, हे त्याला कुणी सांगत नाही. २०१९ साली धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरलं तेव्हा देशभर फोटो झळकले होते. त्या फोटोंत या कड्याची बाजू मी कधी पाहिली नव्हती.

परतल्यावर मी आजीला विचारलं, मैयावर राग नाही येत? नातीनं प्रश्न तिला सांगितला. आजीला तो कळलाच नाही. पुन्हा सांगितल्यावर ती म्हणाली, तिला तर बांधून घातलंय, तिच्यावर कशाला रागवू?

आत्या, शूलपाणीच्या झाडीत भिल्लांनी तुझं घोंगडं काढून घेतलं, हे आपल्या घरात किती वेळा सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एका बाईनं तुला कण्या रांधून घातल्या, तेही तू वहीत लिहिलं आहेस, पाच ओळी. ते कुणी कधी सांगितलं नाही. मीही ते इथे येऊनच नीट वाचलं.

उद्या गोऱ्याच्या दिशेनं निघते. नातीनं वहीत स्वतःचं नाव लिहिलंय, तुझ्या कण्यांच्या पानावर. तिला तिथेच जागा दिसली.

तुझी,
सुमी