गोडी छाटणी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल जगात दोन समजुती अगदी पक्क्या आहेत. एक म्हणजे त्याच्याकडे पैसा भरपूर असतो आणि दुसरी म्हणजे त्याच्याकडे वेळ भरपूर असतो. पहिली समजूत नातेवाइकांची, दुसरी समाजाची. पहिलीपासून बचाव करायला माझ्याकडे पगाराची स्लिप आहे. दुसरीवर अजून इलाज सापडलेला नाही. सोसायटीचा हिशेब तपासायला बँकवाला, वर्गणीच्या नोटा मोजायला बँकवाला, शेजारणीच्या मुलीचा कर्जाचा फॉर्म भरायला बँकवाला. तेव्हा आमच्या मरोळला रविवारच्या ख्रिस्तशिक्षणाच्या वर्गाला मास्तर कमी पडले, त्या वेळी फादरांची नजर कुणावर पडणार हे सांगायला ज्योतिषी नको.

"फादर, माझं शिक्षण बी.कॉम.," मी म्हणालो.

"पेत्र मासे पकडत होता," फादर म्हणाले.

यावर काय बोलणार? शिवाय मत्तय तर जकातीच्या नाक्यावर बसून वसुली करत होता, म्हणजे जवळजवळ आमच्याच खात्यातला. मी खडू हातात घेतला.

पुढे जाण्याआधी एक खुलासा केलेला बरा. आम्ही ईस्ट इंडियन. हे ऐकलं की ऑफिसातला नवा माणूस हमखास विचारतो, "बिहार की बंगाल?" मी म्हणतो, "मरोळ." आमची भाषा मराठी, बॉटल मसाला आमचा, गावठाण आमचं, आणि नाव मात्र भलत्याच दिशेचं. ते १८८७ साली आमच्या पूर्वजांनी व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी घेतलं. बाहेरून आलेल्या ख्रिस्ती मंडळींच्या गर्दीत सरकारला आपण वेगळे कळावं, हा त्यात व्यवहार होता. पश्चिम किनाऱ्यावर बसून स्वतःला पूर्वेचे म्हणवून घेणाऱ्या माणसांना मुलांचं ख्रिस्तशिक्षण जमेल का, अशी शंका तुम्हांला येईल. मलाही आली होती.

वर्गात बावीस मुलं. वय अकरा-बारा. निम्मी गावठाणातली, बाकीची मंगलोरी, गोवेकर, केरळी, तामिळी. भाषा खिचडी. आणि पहिल्याच महिन्यात धडा आला तो द्राक्षवेलाचा. आमचं चर्च संत योहानाचं, आणि योहानाच्याच शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हा दृष्टान्त आहे. म्हणजे घरचंच कार्य. येशू म्हणतो, मी वेल, तुम्ही फांद्या, माझ्यात राहा. फांदी वेलाला सोडून फळ देत नाही. इतकं सोपं. पण मरोळमध्ये द्राक्षाचा वेल आणायचा कुठून? मुलांनी द्राक्षं पाहिली होती ती प्लॅस्टिकच्या डब्यात. वेल म्हणाल तर एकच ठाऊक, मनी प्लांट. तो तर मालकाच्या नजरेआड बाटलीतल्या पाण्यावरसुद्धा वाढतो. मनी प्लांट हे त्याचं नावच बघा. दृष्टान्ताला अगदी कुचकामी.

माझ्याआधी कुणीतरी तयार करून ठेवलेल्या टिपणांत यावर एक आधुनिक तोडगा होता: मुलांना मोबाइलचा चार्जर दाखवा. येशू म्हणजे चार्जर, आपण म्हणजे मोबाइल. मुलं खूश झाली असती, पण मला तो तोडगा पटेना. मोबाइल शंभर टक्के भरला की आपण वायर काढतो आणि दिवसभर हुंदडतो. रविवारी सकाळी चार्जिंग, सोमवार ते शनिवार वापर. आमच्यातले निम्मे लोक हेच तर करतात, त्यासाठी वेगळा धडा कशाला? फांदीचं तसं नसतं. फांदी भरून ठेवता येत नाही, तिच्यात शिल्लक नसते. सकाळचा रस सकाळी, संध्याकाळचा संध्याकाळी. कॉमर्सच्या माणसाला हा प्रकार घाबरवणारा आहे, कारण यात ओपनिंग बॅलन्सच नाही.

म्हणून मी मराठीतल्या 'राहा' या शब्दाला धरलं. मुंबईत माणूस भेटला की पहिला प्रश्न काय? "कुठे राहता?" नाव नंतर, धंदा त्याच्याही नंतर. राहणं म्हणजे भेटीला जाणं नव्हे. मामाकडे मे महिन्यात जातो ते जाणं; जिथे आपल्या चपला दाराशी कायमच्या पडलेल्या असतात ते राहणं. "आता सांगा, येशूकडे तुमच्या चपला आहेत का?" मी विचारलं. बावीस जणांनी खाली आपापल्या बुटांकडे पाहिलं. मला वाटलं, धडा जमला.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ही मुलगी कधी बोलत नाही. तिने पुस्तकात पुढचं वाचलं होतं.

"सर, ज्या फांद्या राहत नाहीत त्या सुकतात, आणि गोळा करून जाळतात, असं लिहिलंय."

"हो बाय, लिहिलंय."

"माझा दादा दोन वर्षं चर्चला येत नाही. म्हणतो, मी नाही मानत. मग त्याला?"

वर्ग एकदम चिडीचूप. रस्त्यावरून बेस्टची बस गेलेली ऐकू आली. मोठ्या माणसाने हा प्रश्न विचारला असता तर मी त्याला फादरांच्या खोलीचा रस्ता दाखवला असता. पण बारा वर्षांच्या पोरीला आत्ता, या मिनिटाला, आपल्या भावाचं काय होणार ते हवं होतं. आणि समोर होता एक बँकेचा क्लार्क.

क्लार्कला जे येतं ते मी सांगितलं. "आमच्याकडे बचत खात्यात माणसाने दोन वर्षांहून जास्त काळ स्वतः काही व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय होतं. बंद नव्हे, निष्क्रिय. दहा वर्षांनी त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जाते. तरीसुद्धा तो माणूस कधीही येऊन 'माझं खातं' म्हणाला, तर ओळख पटवून त्याला पैसे मिळतात. आणि गंमत अशी की निष्क्रिय बचत खात्यातही आम्ही व्याज जमा करतच असतो. त्याला माहीतसुद्धा नसतं."

"व्याज जमा झालं की खातं चालू होत नाही?" एका चौकस पोराने विचारलं. (हा पुढे बँकेत जाणार. देव त्याचं रक्षण करो.)

"नाही. व्याज बँकेचं. खातं चालू करायला माणसाने स्वतः यावं लागतं. पण ते चालू करून द्यायचा चार्ज नाही."

मुलीने मान हलवली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर माझंही नाही. व्याज ठीक आहे, पण जाळायचं काय?

दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न ऑफिसात शेजारच्या काउंटरवर नेला. तिथे बसणारे गृहस्थ निफाडचे. भावाची द्राक्षबाग आहे, स्वतः पंढरीचे वारकरी, गळ्यात माळ. बायबलशी त्यांचा संबंध माझ्या नाताळच्या फराळापुरता. मी दृष्टान्त सांगितला. ते पेन खाली ठेवून ऐकत राहिले. समोर पासबुक घेऊन उभा असलेला ग्राहकही ऐकत राहिला.

"राव, हे लिहिणाऱ्याने बाग केलेली दिसते," ते म्हणाले. "पण तिकडे छाटणी वर्षाला एकदा असेल. थंडीत वेल झोपतो तेव्हा. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी. पार बोडका करायचा. नवीन काड्या फुटतात. त्या काडीच्या डोळ्यात घड धरतो, पण दिसत नाही बरं का, आतच असतो. मग ऑक्टोबरात गोडी छाटणी. तीच काडी, चांगली जोमदार, थोडे डोळे ठेवून कापायची. तेव्हा घड बाहेर येतो."

"चांगली काडी कापायची?"

"वाळलेली तर कुणीही कापेल. गोडी छाटणी म्हणतात ती उगाच नाही. पहिल्या वर्षी कात्री धरली तेव्हा माझा हात थरथरत होता."

मला महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाची वर्षातून दोनदा छाटणी होते हे ऐकून फारसं नवल वाटलं नाही. पण माझा मुद्दा वेगळा होता. "कापलेल्या काड्यांचं काय करता? जाळता?"

"पूर्वी जाळायचे. अजूनही काही जण जाळतात. पण आता पुष्कळ जण बारीक करून वेलाच्याच बुडाशी घालतात. आच्छादन. ओल टिकते, कुजून खत होतं. दुसरं असं, की द्राक्षाचा वेल बियांनी करत नाहीत, काडीनेच करतात. हल्ली डॉगरिज नावाचं रानटी खुंट लावतात, मुळं कणखर, आणि त्यावर आपल्याला हव्या त्या जातीच्या काडीचं कलम. म्हणजे कापलेली काडी संपली असं समजू नका."

ग्राहक म्हणाला, "साहेब, पासबुक." त्याला घाई होती, पण मला वाटतं तोही थोडा हलला होता.

पुढच्या रविवारी मी हे वर्गात सांगितलं. आधीच बजावलं, "हे शुभवर्तमानात नाही, हे निफाडात आहे. शुभवर्तमानात जे आहे ते आहेच." ती मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे दादा बुडाशी आहे." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. व्यवहार पूर्ण होईपर्यंत आम्ही शेरा मारत नाही. फादरांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, निफाडच्या गृहस्थांना रविवारी वेळ असतो का?

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आमचा आगेरा झाला. नव्या भाताच्या लोंब्या फादरांकडून आशीर्वादून घेतात. मरोळमध्ये आता भातशेती शोधावी लागते, पण लोंब्या येतात. तिकडे निफाडला त्याच सुमारास गोडी छाटणीची कात्री चालू होती.

जानेवारीत मुलांना कोंदिविट्याला नेलं. आमच्या गावाचं मूळ चर्च तिथे, येशूसंघाच्या पाद्र्यांनी १५७९ साली बांधलेलं, तेही एका योहानाचं, पण बाप्तिस्मा देणाऱ्या. १८४० साली साथ आली, लोकांनी ते सोडलं आणि मरोळला आले. उरलेले अवशेष आता सीप्झच्या कुंपणात आहेत, वर्षातून एकदा जानेवारीत तिथे मिस्सा होते. एरवी आत जायला पास लागतो. "देवाच्या घरात पास?" एकाने विचारलं. मी म्हणालो, निर्यात क्षेत्र आहे. छप्पर नाही, भिंतींवर झाडंवेली चढलेल्या, मुळं दगडांत घुसलेली. मुलांनी पाहून घेतलं आणि लगेच फोटो काढायला लागली. मी मास्तरकीच्या भरात सांगून टाकलं की १५७९ सालीच थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघी गोव्याला उतरला, आणि पुढे त्याने नव्या ख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं. त्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, कानाला काहीतरी हवं होतं. १६१६ साली ते छापलं ते रोमन लिपीत.

"म्हणजे आम्ही व्हॉट्सअॅपवर लिहितो तसं!" मुलं ओरडली. चारशे वर्षांनी स्टीफन्सला वाचक मिळाले.

आणि मे महिना आला. आमच्या गावठाणात मे महिन्यात संध्याकाळी खुरसापाशी लदीन होते. माझी आजी ती लॅटिनमध्ये म्हणायची. एका शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर लोकभाषेत प्रार्थना सुरू झाल्या तेव्हा तिने तक्रार केली की आता सगळं कळतं, मन लागत नाही. आम्ही पोरं मागे उभी राहायचो ती शेवटच्या उकडलेल्या चण्यांसाठी. कुणी आम्हांला धडा दिला नाही, टिपणं काढली नाहीत. चणे मिळेपर्यंत थांबायचं, आणि थांबता थांबता सगळी लदीन पाठ व्हायची. ख्रिस्तशिक्षणाच्या ज्या पद्धतीने आमच्या तीन पिढ्या वेलाला धरून राहिल्या, ती हीच. शिक्षण खात्याने तिला मान्यता दिलेली नाही.

तर त्या मे महिन्यातल्या एका संध्याकाळी लदीन चालू असताना गल्लीच्या तोंडाशी एक मोटरसायकल थांबली. स्वार उतरला नाही, हेल्मेटही काढलं नाही, नुसतं इंजिन बंद केलं. माझ्या वर्गातली ती मुलगी पुढे मेणबत्ती धरून उभी होती. तिने एकदा मागे पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहायला लागली, जरा जास्तच ताठ. चणे वाटायची वेळ आली तेव्हा तिने दोन पुड्या घेतल्या. एक आपली. दुसरी ती गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेली.

स्वाराने चणे खायला हेल्मेट काढलं. त्याशिवाय खाता येत नाहीत.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मावशीने त्याला ओळखलं आणि मोठ्याने विचारलं, "काय रे, रस्ता अडवून का उभा? गाडी बाजूला लाव आणि इकडे ये, पातेल्यात चणे उरलेत." तो म्हणाला, "नको मावशी, उशीर झालाय." आणि गाडी बाजूला लावली.

पुढच्या वर्षी चणे दोन किलो जास्त भिजवायचे ठरलं आहे. हिशेब माझ्याकडेच आलाय.